गोचिडीच्या अंड्यातलं ग्लायकोजेन पुन्हा वाढतं ते कुठून?

प्रश्न असा आहे: "रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडींकडून अंडी घेऊन ती 28 अंश तापमानाला ठेवली आहेत. रोज थोडी अंडी काढून त्यांतली प्रथिनं, ग्लायकोजेन, मेद आणि काही एन्झाइम्स मोजते आहे. पहिल्या आठवड्यात एकूण प्रथिन जवळपास हलत नाही. ग्लायकोजेन आधी घटतं आणि मग चक्क वाढतं. ॲसिड फॉस्फटेज आणि कॅटलेज यांची क्रिया मात्र दिवसागणिक चढत जाते. बाहेरून अंड्यात अन्न जात नसताना हे कसं शक्य आहे? माझी चाचणी चुकते आहे की अंड्यात खरंच असं घडतं?"

ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या साखरेचं, उतरणं-चढणं बहुधा खरं आहे. प्रथिनाचं न हलणंही खरं असू शकतं. एन्झाइम्सच्या चढत्या आलेखावर मात्र मी लगेच विश्वास ठेवणार नाही. तो अर्धा अंड्यातून आणि अर्धा तुमच्या भागाकारातून आलेला असण्याची दाट शक्यता आहे. कारणं एकेक करून सांगतो. मुख्यतः जनावरांवरच्या ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या गोचिडीबद्दल बोलेन, कारण अंड्याच्या रसायनशास्त्रावर सर्वांत जास्त काम तिच्यावर झालं आहे. उंटावरच्या हायलोमा ड्रोमेडरीवरही बरंच काम आहे आणि ढोबळ चित्र जुळतं, पण दिवसांचे आकडे एका जातीवरून उचलून दुसरीवर लावू नका.

गोचिडीचं अंडं म्हणजे आईने बांधून दिलेली शिदोरी. टरफलातून ऑक्सिजन आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पाण्याची वाफ दोन्ही दिशांना थोडीफार हलते. बाकी सगळं, म्हणजे प्रत्येक नायट्रोजनचा अणू, प्रत्येक फॉस्फेट, लोहाचा कण न कण, पहिल्या दिवशी जितका होता तितकाच शेवटच्या दिवशी असतो, फक्त वेगळ्या रूपात. तुमच्या सगळ्या मोजणीचा पाया हाच असायला हवा. एखादी गोष्ट वाढली तर ती कशातून आली आणि घटली तर कशात गेली, याचं उत्तर अंड्याच्या आतच सापडलं पाहिजे. सापडलं नाही तर मोजमाप तपासायचं.

आता या अंड्यात आहे काय ते पाहू. सर्वांत मोठा वाटा व्हिटेलिनचा, म्हणजे बलकातल्या मुख्य प्रथिनाचा. मादीच्या मेदपिंडात आणि आतड्याच्या पेशींत व्हिटेलोजेनिन हे त्याचं आधीचं रूप तयार होतं, शरीरद्रवातून अंडाशयात पोचतं आणि वाढत्या अंडपेशी ते ओढून घेऊन बलकाच्या कणांत साठवतात. अंड्यातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांचा बहुतांश भाग हाच असतो. कोंबडीच्या किंवा किड्यांच्या बलकाची पुस्तकं वाचून या विषयात आलेल्यांचा गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टीने: गोचिडीच्या व्हिटेलिनला साखर आणि मेद तर जोडलेले असतातच, शिवाय हीमही, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा रंगीत रेणूही, जोडलेलं असतं. अंड्यांचा तपकिरी रंग त्या हीमचा. या एका रेणूमुळे पुढचे अर्धे प्रश्न उभे राहतात, त्याच्याकडे परत येतो.

दिवसांऐवजी टप्पे लक्षात ठेवलेत तर आलेख वाचणं सोपं जाईल. मायक्रोप्लसमध्ये 28 अंशांच्या आसपास आणि भरपूर आर्द्रतेत अंडी घातल्यापासून पिल्लू बाहेर पडायला सुमारे तीन आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत केंद्रकांची संख्या झपाट्याने वाढते. पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास पेशींचा थर, म्हणजे पेशीमय ब्लास्टोडर्म, पूर्ण होतो. त्यानंतर भ्रूणपट्टा दिसू लागतो, त्याचे खंड पडतात, पायांचे कोंब येतात. गंमत म्हणजे चौथ्या पायाच्या जोडीचेही कोंब येतात आणि पुढे मागे हटतात. म्हणून पिल्लू सहा पायांनी बाहेर येतं आणि चौथी जोडी पुढच्या अवस्थेत मिळते. शेवटच्या टप्प्यात पिल्लाचं कवच तयार होतं आणि टरफलातून आत पांढरा ठिपका दिसू लागतो. त्या ठिपक्याचा उपयोग पुढे सांगतो.

ब्लास्टोडर्मच्या आधी आणि नंतर हे दोन वेगळे कालखंड आहेत, असं धरूनच मी आकडे वाचतो. आधीच्या काळात भ्रूणाकडे स्वतःची फारशी यंत्रणा नसते. आईने दिलेले आरएनए आणि एन्झाइम्स यांवर काम चालतं आणि मुख्य खर्च असतो केंद्रकं वाढवण्याचा. त्यासाठी न्यूक्लिओटाइड्स लागतात, न्यूक्लिओटाइड्सना रायबोज लागतं, रायबोज ग्लुकोजपासून पेंटोज फॉस्फेट मार्गाने मिळतं. म्हणून सुरुवातीला ग्लायकोजेन घटतं यात आश्चर्य नाही. ते फक्त जाळलं जातं असं समजू नका. त्याचा काही भाग बांधकामात जातो.

आता तुमचा मूळ प्रश्न. ब्लास्टोडर्मनंतर ग्लायकोजेन पुन्हा वाढतं ते कशातून? मेदातून ते येणं जवळपास अशक्य. बहुतेक प्राण्यांमध्ये फॅटी ॲसिडपासून निव्वळ ग्लुकोज बनवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं ग्लायऑक्सिलेट चक्र आपल्याकडे किंवा गोचिडीकडे नाही. ट्रायग्लिसराइडमधलं ग्लिसरॉल तेवढं उपयोगी पडतं, पण त्याचा वाटा लहान. उरतात अमिनो आम्लं. बलकातलं प्रथिन तुटतं, अमिनो आम्लं सुटतात, त्यांचा नायट्रोजन काढून घेतला जातो आणि कार्बनचा सांगाडा ऑक्झॅलोॲसिटेटमार्गे ग्लुकोजकडे वळवला जातो. या वळणावरचं एन्झाइम म्हणजे फॉस्फोइनॉलपायरुव्हेट कार्बोक्सिकायनेज. मायक्रोप्लसच्या अंड्यांमध्ये त्याची क्रिया आणि ग्लुकोज-ग्लायकोजेनचं पुन्हा वाढणं यांची जोडी दाखवली गेली आहे. म्हणजे तुमचा आलेख विचित्र नाही.

अंडं हा महाग उद्योग का करतं, हा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो. पायरुव्हेटच्या दोन रेणूंपासून ग्लुकोजचा एक रेणू बनवायला एटीपी आणि जीटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूंपैकी मिळून सहा रेणू खर्च होतात. फक्त ऊर्जा हवी असती तर अमिनो आम्लं थेट जाळणं स्वस्त पडलं असतं. पण भ्रूणाला उत्तरार्धात ग्लुकोज कच्चा माल म्हणून लागतं, आणि त्यातला मोठा गिऱ्हाईक म्हणजे कायटिन. पिल्लाचं कवच कायटिनचं, कायटिन बनतं यूडीपी-एन-ॲसिटाइलग्लुकोसामीनपासून आणि ते ग्लुकोजपासून. हा टप्पा किती नाजूक आहे ते फ्लुअझुरॉनवरून कळतं. हे औषध कायटिनची जडणघडण बिघडवतं. ते मिळालेल्या जनावरावर पोसलेल्या मादीने अंडी घातली तरी त्यांतून पिल्लं नीट बाहेर पडत नाहीत. म्हणून ग्लायकोजेनचा चढ दिसल्यावर थांबू नका, तो नंतर पुन्हा उतरतो का आणि त्या वेळी कायटिन चढतं का, हेही बघा. माझ्या मते तुमच्या प्रबंधातला सर्वांत मोलाचा आलेख तो ठरेल.

प्रथिनाकडे येऊ. पहिल्या आठवड्यात एकूण प्रथिन हलत नाही याची दोन कारणं असू शकतात आणि ती वेगळी करायला हवीत. एक, व्हिटेलिन खरोखर अजून फारसं तुटलेलं नाही. दोन, व्हिटेलिन तुटतं आहे, पण त्याचे तुकडेही तुमच्या चाचणीत प्रथिन म्हणूनच मोजले जात आहेत. ब्रॅडफर्ड किंवा लोरी पद्धतीचा एकच आकडा या दोहोंत फरक करू शकत नाही. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं एसडीएस जेल लावा. मोठे पट्टे फिके पडून खाली लहान पट्टे उमटत असतील तर तोडफोड सुरू झाली आहे, एकूण आकडा काहीही सांगो. सोबत ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लात न बसणारी, म्हणजे वर द्रवात राहणारी अमिनो आम्लं आणि लहान पेप्टाइड्स निनहायड्रिनने मोजा. या दोन गोष्टींनी चित्र स्वच्छ होतं.

व्हिटेलिन तोडणारी एन्झाइम्स भ्रूण गरजेनुसार नव्याने बनवतो, असा सर्वसाधारण समज आहे. गोचिडीत तो अर्धवट खरा आहे. मायक्रोप्लसच्या बलकात एक ॲस्पार्टिक प्रोटिएज, म्हणजे प्रथिन तोडणारं एन्झाइम, आईच देऊन ठेवते. बलकातलं प्रो-कॅथेप्सिन या अर्थाच्या नावाने ते बीवायसी म्हणून ओळखलं जातं. ते निष्क्रिय रूपात, व्हिटेलिनच्या शेजारीच साठवलेलं असतं. त्याशिवाय हीम बांधणारं आणखी एक ॲस्पार्टिक प्रोटिएज आणि सिस्टीन प्रकारची, कॅथेप्सिन एल घराण्यातली एन्झाइम्सही अंड्यात सापडतात. खाऊ आणि कात्री एकाच डब्यात असूनही पहिल्या दिवशी काही कापलं जात नाही, कारण ही कात्री आम्लातच चालते. बलकाच्या कणांच्या पडद्यावरचे प्रोटॉन पंप आत आम्लता वाढवतात, एन्झाइमला निष्क्रिय ठेवणारा प्रो-तुकडा गळून पडतो आणि एन्झाइम जागं होतं. बलकात ॲसिड फॉस्फटेज आणि पॉलिफॉस्फेटही असतात. फॉस्फेटची ही उलाढाल त्याच काळात चालते. तुमच्या ॲसिड फॉस्फटेजच्या चढाचा काही भाग म्हणूनच खरा असू शकतो. पण तेव्हा त्याला "एन्झाइमची निर्मिती वाढली" असं लिहू नका. क्रिया वाढली इतकंच लिहा. निर्मिती म्हणायची असेल तर प्रतिपिंड वापरून प्रथिनाचं प्रमाण किंवा आरएनए दाखवावं लागेल.

या आम्लप्रिय एन्झाइम्समुळे एक घात प्रयोगशाळेतही होतो. अंडी वाटून आम्लधर्मी बफरमध्ये ठेवलीत की कणांतली सगळी कात्री मोकळी होते आणि जी तोडफोड अंड्यात दहा दिवसांनी व्हायची ती तुमच्या नळीत तासाभरात होते. वाटण तटस्थ पीएचला, बर्फावर, आणि पेप्स्टॅटिन ए व ई-64 हे दोन्ही अवरोधक घालून करा. एक ॲस्पार्टिक प्रोटिएजना थांबवतो, दुसरा सिस्टीन प्रोटिएजना. नेहमी वापरला जाणारा पीएमएसएफ एकटा इथे काही कामाचा नाही. तो सेरीन प्रोटिएजसाठी. अर्थात प्रोटिएजचीच क्रिया मोजायची असेल तेव्हा अवरोधकांशिवाय वेगळा नमुना ठेवा.

आता हीम. इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण गोचिडीचं अंडं बाकी अंड्यांपेक्षा वेगळं आहे ते इथेच. बहुतेक प्राणी हीम स्वतः बनवतात. गोचीड बनवू शकत नाही. मायक्रोप्लसबाबत हे 1999 मध्ये दाखवलं गेलं आणि पुढे जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की हीम बनवण्याच्या मार्गातली बहुतेक जनुकं गोचिडींनी गमावलेली आहेत. हीम तोडण्याची व्यवस्थाही त्यांच्याकडे नाही. मग भ्रूणाच्या मायटोकॉन्ड्रियामधल्या सायटोक्रोमना, म्हणजे श्वसनाच्या प्रथिनांना, हीम कुठून मिळणार? आईने पिलेल्या रक्तातून, व्हिटेलिनला चिकटून आलेलं. 2016 मध्ये इक्झोडिस रिसिनस या गोचिडीवरच्या प्रयोगांत मादींना कृत्रिम पडद्यातून हिमोग्लोबिन नसलेला रक्तद्रव पाजला गेला. त्या फुगल्या, त्यांनी अंडीही घातली, पण अंड्यांतून पिल्लं निघाली नाहीत. आहारात थोडं हिमोग्लोबिन मिसळलं तेव्हा भ्रूण वाढू लागले. म्हणजे प्रथिन पुरेसं होतं, अमिनो आम्लं पुरेशी होती, कमी होतं ते हीम.

याच हीमची दुसरी बाजू वाईट आहे. मोकळं हीम पेशीच्या पडद्यांत शिरतं, पेरॉक्साइडशी जुळून मेदांचं ऑक्सिडेशन सुरू करतं. व्हिटेलिनच्या कुशीत बांधलेलं असतं तोवर ते निरुपद्रवी असतं. व्हिटेलिन तुटायला लागलं की हीम सुटायला लागतं आणि नेमक्या त्याच वेळी वाढत्या भ्रूणाचा श्वसनाचा वेगही वाढत असतो. म्हणून कॅटलेज, ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज या ऑक्सिडेशनपासून वाचवणाऱ्या एन्झाइम्सचा विचार हीमच्या सुटण्यासोबतच करायला हवा. मायक्रोप्लसच्या अंड्यांत विकासाच्या पुढच्या काळात मेदांच्या ऑक्सिडेशनच्या खुणा वाढलेल्या सापडल्या आहेत. अंड्यातलं एकूण हीम मात्र कमी होण्याचं कारण नाही. बनत नाही तसं मोडतही नाही. तुमच्या आलेखात एकूण हीम घटताना दिसलं तर ते न विरघळणाऱ्या भागात बसलं आहे आणि सेंट्रिफ्यूजनंतर तुम्ही ते टाकून दिलं आहे, असा माझा पहिला संशय असेल. तळाचा गाळ तपासा.

हीमचा तिसरा उपद्व्याप थेट तुमच्या आकड्यांवर आहे. हीम 400 नॅनोमीटरच्या आसपास प्रचंड प्रकाश शोषतं. ॲसिड फॉस्फटेजची चाचणी तुम्ही पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेटने करत असणार आणि 405 ला वाचत असणार. म्हणजे रंग एन्झाइमचा किती आणि हीमचा किती, हे वेगळं केलेलं नाही. प्रत्येक नमुन्याला स्वतःचा कोरा, म्हणजे एन्झाइमची क्रिया न होऊ दिलेला तुलनेचा नमुना, ठेवा: तेच वाटण, तोच बफर, पण सबस्ट्रेट (ज्यावर एन्झाइम काम करतं तो पदार्थ) अल्कली घालून क्रिया थांबवल्यानंतर टाकलेला. सगळ्या दिवसांसाठी एकच सामायिक कोरा इथे चालत नाही, कारण विरघळलेलं हीम रोज बदलतं.

कॅटलेजचंही तसंच. 240 नॅनोमीटरला पेरॉक्साइड कमी होताना तुम्ही पाहता, पण मोकळं हीम स्वतःही पेरॉक्साइड फोडतं. वाटणाचा एक भाग उकळून घ्या. उकळल्यावर एन्झाइम मरतं, हीमची क्रिया उरते. उकळलेल्या नमुन्यात जे काही दिसेल ते मूळ आकड्यातून वजा करा. आणखी खात्री हवी तर ॲमिनोट्रायझोल घालून बघा, ते कॅटलेज अडवतं. पेरॉक्सिडेजच्या रंगीत चाचण्यांना तर हीमचा हा दोष जास्तच बाधतो. आणि मेदांचं ऑक्सिडेशन मोजणारी थायोबार्बिच्युरिक आम्लाची चाचणी करणार असाल तर ऑक्सिडेशन रोखणारं बीएचटी आधी घाला, नाहीतर गरम करताना हीमच नवं ऑक्सिडेशन घडवतं आणि तुम्ही नळीतलं नुकसान अंड्याच्या नावावर लिहिता.

आता भागाकार. बहुतेक जण एन्झाइमची क्रिया दर मिलिग्रॅम प्रथिनामागे देतात. यकृत किंवा स्नायूसाठी ते ठीक आहे. अंड्यात ज्या प्रथिनाने तुम्ही भागता तेच खाल्लं जात असतं. समजा एका अंड्यात एन्झाइमची क्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत तितकीच राहिली आणि प्रथिन निम्मं झालं, तर दर मिलिग्रॅम क्रिया आपोआप दुप्पट दिसेल. काहीच घडलेलं नाही, तरी आलेख चढतो! ओल्या वजनाने भागणं त्याहून वाईट, कारण अंड्यातलं पाणी आर्द्रतेप्रमाणे बदलतं. म्हणून सगळं दर अंड्यामागे मांडा. मोजणं कठीण नाही: मायक्रोप्लसची सुमारे 20,000 अंडी म्हणजे एक ग्रॅम, असा जुना व्यवहारी हिशेब आहे, म्हणजे एक अंडं साधारण 50 मायक्रोग्रॅम. 50 मिलिग्रॅमचा गठ्ठा म्हणजे सुमारे हजार अंडी. पण वजन पहिल्याच दिवशी करायचं, ताज्या अंड्यांचं, आणि तेव्हाच प्रत्येक नळीत वाटून ठेवायचं. नंतर ज्या दिवशी जी नळी हवी ती उचलायची. दहाव्या दिवशी वजन करून वाटलेली अंडी तितकीच असतील याची खात्री नाही. भ्रूणाच्या वाढीला धरून आकडा हवा असेल तर दर अंड्यामागे डीएनए मोजा आणि त्याने भागा. ते खाल्लं जात नाही, केंद्रकांबरोबर वाढतं.

नायट्रोजनचा हिशेब जवळजवळ कुणी करत नाही आणि मला त्याचं नवल वाटतं. अमिनो आम्लं जाळली किंवा ग्लुकोजकडे वळवली की नायट्रोजन उरतो. बंद अंड्यात अमोनिया साचू देणं परवडणारं नाही. कोळी आणि गोचिडी तो ग्वानीनमध्ये बांधतात. ग्वानीनच्या रेणूत पाच कार्बनवर पाच नायट्रोजन असतात आणि तटस्थ पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, म्हणजे ते साठवायला पाणी लागत नाही. शेवटच्या टप्प्यात टरफलातून दिसणारा पांढरा ठिपका हाच; पिल्लाच्या गुदकोशात साचलेलं ग्वानीन. भिंगाखाली तो दिसला की भ्रूण जिवंत आहे आणि बराच पुढे गेला आहे, हे चाचणीशिवाय कळतं. रसायनाच्या अंगाने पाहिलं तर ग्वानीन हा अमिनो आम्लांच्या विघटनाचा एकत्र जमा झालेला आकडा आहे. सौम्य अल्कलीत विरघळवून अतिनील प्रकाशात मोजता येतं. तुमच्या ग्लायकोजेनचा चढ अमिनो आम्लांतून आला असेल तर त्याच काळात ग्वानीनही वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर माझं वरचं स्पष्टीकरण तुमच्या अंड्यांना लागू होत नाही आणि दुसरं शोधावं लागेल.

ग्लायकोजेनची पद्धतही तपासून घ्या. अँथ्रोन सगळ्या साखरेला रंग देतं, व्हिटेलिनला जोडलेल्या साखरेलाही. वाटण थेट अँथ्रोनमध्ये टाकत असाल तर तुमच्या आकड्यात बलकाची साखर मिसळली आहे. 30 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळा, प्रथिनं विरघळून जातील, मग अल्कोहोलने ग्लायकोजेन खाली बसवा, धुवा आणि मोजा. किंवा अमायलोग्लुकोसिडेजने फोडून ग्लुकोज मोजा. ग्लुकोज ऑक्सिडेजची चाचणी वापरताना लक्षात ठेवा की ती पेरॉक्साइडवर चालते आणि तुमच्या वाटणात पेरॉक्साइड खाणारं कॅटलेज भरपूर आहे. प्रथिनं आधी काढून टाकल्याशिवाय तो आकडा घेऊ नये.

मेदाबद्दल एकच सूचना, पण महत्त्वाची. गोचीड अंडं घालताना डोक्यामागच्या जेने अवयवाने प्रत्येक अंड्याला मेणाचा लेप देते. 1948 मध्ये लीझ आणि बीमेंट यांनी हे काम तपशीलवार दाखवलं. लेप न मिळालेली अंडी सुरकुतून जातात. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने मेद काढताना हे मेणही सोबत येतं आणि आतल्या मेदाच्या आकड्यात मिसळतं. मेण खर्च होत नाही, त्यामुळे आतला मेद प्रत्यक्षात जितका घटतो त्याच्या मानाने कमी घटल्यासारखा दिसतो. आधी अंडी हेक्झेनमध्ये थोडा वेळ बुडवून मेण वेगळं काढा, ते द्रावण वेगळं वाळवून तोला, आणि मग वाटा. एक ग्रॅम मेद जळला की एक ग्रॅमहून किंचित जास्त पाणी तयार होतं, हेही पाण्याच्या हिशेबात धरा.

अंडी गोळा करण्याच्या पद्धतीत बराच गोंधळ लपलेला असतो. एक मादी कित्येक दिवस अंडी घालत राहते. तीन-चार दिवसांचा ढीग एकत्र केलात तर त्यात तीन-चार दिवसांच्या वयाची अंडी मिसळतात आणि ब्लास्टोडर्मसारखा टोकदार बदल पसरट होऊन जातो. दर 24 तासांनी अंडी उचला. सुरुवातीची आणि अखेरची अंडी टाकून मधल्या भरघोस दिवसांची घ्या, कारण अखेरच्या अंड्यांत पिल्लं निघण्याचं प्रमाण बरेचदा कमी असतं. एका मादीची अंडी दुसरीत मिसळण्याआधी तीन-चार माद्यांची वेगवेगळी मोजून फरक किती पडतो ते पाहा; तो फरक कळल्याशिवाय दिवसांमधल्या फरकाला अर्थ नाही. आर्द्रता बंद डब्यात संपृक्त क्षाराच्या द्रावणावर ठेवणं सर्वांत भरवशाचं: पोटॅशियम क्लोराइडवर सुमारे 84 टक्के मिळते, पोटॅशियम नायट्रेटवर 93 च्या आसपास. प्रत्येक गटातली थोडी अंडी न वाटता तशीच ठेवा आणि किती फुटली ते नोंदवा. ज्या गटातून निम्मीच पिल्लं निघाली त्याच्या रसायनात मेलेल्या अंड्यांचं रसायनही आहे. आणि अधूनमधून काही अंडी पारदर्शक करून किंवा केंद्रकं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघत जा, म्हणजे आलेखाच्या आडव्या अक्षावर दिवसांसोबत टप्पाही लिहिता येईल.

अंड्यात जिवाणूही असतात, हे विसरू नका. अनेक गोचिडींत कॉक्सिएला किंवा फ्रान्सिसेला यांच्या नात्यातले सहजीवी जिवाणू आईकडून अंड्यात उतरतात आणि ब जीवनसत्त्वं पुरवतात, जी रक्तात फार कमी असतात. बबेसिया हा परजीवीही अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. 1893 मध्ये स्मिथ आणि किलबोर्न यांनी जनावरांच्या टेक्सास तापावर काम करताना मादीच्या पुढच्या पिढीची पिल्लं रोग पसरवतात हे दाखवलं होतं. तुमच्या कॅटलेजमध्ये किंवा डीएनएमध्ये या पाहुण्यांचा वाटा लहान असेल, पण माद्या बबेसिया नसलेल्या जनावरावर पोसलेल्या असाव्यात हे बघा.

हे सगळं शैक्षणिकच आहे असंही नाही. बलकातलं बीवायसी वेगळं काढून त्याने गाईंना लस टोचण्याचे प्रयोग झाले आणि अंशतः संरक्षण मिळालं. प्रतिपिंड रक्ताबरोबर मादीत जातात आणि अंड्यांच्या कामात आडवे येतात. लोह साठवणाऱ्या फेरिटिनची जनुकं आरएनए-अवरोधाने दाबली तरी अंडी आणि पिल्लं दोन्ही घटतात. कोणत्या दिवशी कोणता रेणू अडवला तर अंडं वाया जाईल, हे ठरवायला तुम्ही काढता आहात तसलेच आलेख लागतात.

शेवटचं म्हणजे मोजणी पिल्लू बाहेर आल्यावर थांबवू नका. बलक तेव्हाही संपलेला नसतो. व्हिटेलिनचा बराच भाग पिल्लाच्या आतड्यात तसाच शिल्लक असतो आणि यजमान मिळेपर्यंतचे आठवडे, कधी महिने, ते त्यावर काढतं. तुमच्या आलेखात एकविसाव्या दिवशी प्रथिन अजून भरपूर दिसत असेल तर घाबरून चाचणी बदलू नका. पिल्लं अंड्यांच्याच आर्द्रतेत उपाशी ठेवा, त्यांना दर अंड्याऐवजी दर पिल्लामागे मोजा आणि दर आठवड्याला जेलवर व्हिटेलिनचे पट्टे पाहत राहा.